ठचं चित्र

महालात, छापखान्याच्या वरच्या खोलीत,
कूलरचे थेंब कागदावर उडू नयेत म्हणून
त्याच्याकडे पाठ करून मी चित्रं काढत होतो.
अठ्ठेचाळीस चौकोन. एक अक्षर, एक वस्तू.
‘प्रौढांसाठी’ असं कामाच्या पत्रात दोनदा लिहिलेलं,
म्हणून कमळ नाही, खारूताई नाही.
क ला कुलूप. ख ला खुरपं.
ग ला गाठोडं की गॅस, यात एक दुपार गेली.
ठ ला ठसा.
त्यावर मी सगळ्यात जास्त बसलो.
पातळ निब, भिंगाखाली माझाच अंगठा,
एकीत एक फिरत गेलेल्या रेषा, मध्ये भोवरा.
खरं सांगायचं तर त्या चित्रावर मी खूश होतो.

भिवापूरला पोचलो तेव्हा सातऱ्यावर दिवस कलत होता.
ताडपत्रीभर मिरची, कडेला देठांचे ढीग,
आणि तोंडाला पदर बांधलेल्या बायका, हात धुऊन येत होत्या.
हात धुऊन काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक.
मी पिशवी उघडली आणि शिंकायला लागलो.
सात, आठ, नऊ.
‘पहिला धडा तुमचाच झाला सर,’ फुलवंता धुर्वे म्हणाली,
आणि सगळा सातरा हसला.

मुखपृष्ठावर मी खिडकीत वाचणारी बाई काढली होती.
ती हातोहात फिरली.
‘इतक्या उजेडाची बसून हाये. हिले काम नाई का वो?’
‘सासू गावाले गेली असन.’
‘अन् खुरपं हे असं धरते का कोनी? पाय कापन ना.’
मी कडेला लिहून घेत होतो. खुरपं. पाय. सासू.

मग ठ आला.
दुर्पताबाई नखाते यांनी तो कागद कंदिलाजवळ नेला,
लाईट गेलेली होती,
आणि चित्राशेजारी स्वतःचा अंगठा ठेवला.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
अंगठा गुळगुळीत होता.
घासून घासून कडा गेलेल्या नाण्यासारखा,
लालसर, रेषेचा मागमूस नाही.
‘यवढ्या रेषा कोनाच्या बोटाले असते, सर?
माह्या तं मिरचीनं खाल्ल्या.
रेशनच्या मशिनीवर तीनदा ठेवला.
मशीन म्हनते, ही बाई नोहे.’
मग थोडं थांबून,
‘ठसा राह्यला असता तं इथं कायले आलो असतो आमी?’

माझ्याकडे दुसरा शब्द तयार नव्हता.
मी ठोकळा म्हणालो. ठिणगी म्हणालो.
‘ठिगळ काढा ना,’ मागून कोणीतरी,
‘ते काऊन सुचलं नाई तुमाले?’

तिथंच, पाटीवर कागद ठेवून, मी लुगडं काढलं,
लुगड्यावर ठिगळ, ठिगळाला टाके.
दुर्पताबाईंनी मान हलवली.
‘टाका असा उभा नाई बसत. उसवते.’
सुई नव्हती, म्हणून माझी पेन्सिल घेतली,
सुईसारखीच चिमटीत धरली,
आणि चौकोनाच्या कडेनं अकरा तिरप्या रेघा मारल्या,
दर रेघेनंतर धागा ओढल्यासारखा हात वर नेत.
बारावीला टोक मोडलं.
‘पुरे झालं,’ म्हणाल्या, आणि पेन्सिल पदराला पुसून परत दिली.

शेवटच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला
माझ्या कपड्यांमुळे ठसका लागला.
उमरेडपर्यंत तो काही बोलला नाही, मग जागा बदलून गेला.

खुरपं दुरुस्त केलं. वाचणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप दिलं,
पुस्तक कुठं ठेवायचं ते अजून सुटलेलं नाही.
अंगठ्याचं चित्र खणात आहे.
उत्तम आहे. माझंच आहे.

प्लेटी बनवताना वासनिक खालून ओरडले,
‘ठ चे टाके वेडेवाकडे आलेत, सरळ करून घेऊ?’
म्हटलं, राहू द्या, बाईंच्या हातचे आहेत.
‘कोणत्या बाई?’
मी जिन्यात वाकून नाव सांगितलं,
पण तोवर त्यांनी मशीन सुरू केलं होतं.