ढग माझ्याकडे

यंदा ठरलं:
गवत कुरितिबाच्या तेरेझाकडे,
कंदील देगूच्या दोघा भावांकडे,
आणि ढग माझ्याकडे.

जिथे आम्ही जमतो ती टेकडी कुठेच नाही.
सायोकोबाई तिथे घुबड असतात,
निइगातात निवृत्त परिचारिका.
त्यांनी लिहिलं, सहा वर्षं आपण तोच चंद्र टांगतोय,
उशिरा उगवत नाही, मावळत नाही,
कंटाळा आलाय मला त्याचा.
आमच्याकडे न दिसणाऱ्या चंद्रालाही नाव आहे, मुगेत्सु.
ढगाआड असला तरी त्याच्यासमोर बसायचं असतं.
ढग कुणाकडे चांगले आहेत?

भाद्रपदात घणसोलीत राहणाऱ्या बाईला
हा काय प्रश्न झाला.

आठवडाभर टाकीच्या शिडीवर चढून फोटो काढले.
खाली ताशा, गुलाल, सोसायटीचा सेक्रेटरी
माइकवर आरत्यांचे नंबर सांगतोय,
वर मी आणि तो.
आमचा ढग नुसता करडा नसतो.
एमआयडीसी त्याला खालून शेकत असते,
पोटाशी नारिंगी,
रबाळ्याच्या अंगाला शिळ्या चहासारखा.
तो नारिंगी पुसून टाकू का, मी विचारलं.
घुबड बराच वेळ गप्प.
मग: राहू दे.

काल गणपती गेले. डब्यात मोदकांची पिठी उरलेली.
उकड काढली, पंधरा गोळे वळले,
सारण नाही, कळ्या नाहीत.
हाताला राहवेना,
शेवटच्याला नाक काढलंच.
नाल्याकाठचं कसाड आणून लोणच्याच्या बरणीत खोचलं,
तुरे ट्यूबलाइटखाली जरा जास्तच पांढरे.

शेजारच्या घरतकाकू दारात.
आजपासून पितर यायला लागतात गो,
हे कुणासाठी मांडलंस?
चंद्रासाठी, म्हटलं.
त्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं.
समोर सत्तावीस मजले, त्यावर काहीच नाही.
बरं, म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

साडेसात.
निइगातात रात्रीचे अकरा.
तेरेझा कामावरून चोरून आलेली, तिच्याकडे ऊन.
देगूचे भाऊ घरच्या सणातून उठून,
हात अजून तेलकट, म्हणाले.
मी तिथे कासव. लॅपटॉप जुना म्हणून निवडलं,
कासव अडखळलं तर कुणाला कळत नाही.
मी टेकडी चढेपर्यंत सगळे बसलेले.

ढग सोडला.
सावकाश, कारण आमचं नेटही सावकाश.
आधी डावी कड गेली,
मग तांदूळ कुटणारा त्यांचा ससा,
मुसळ तेवढं क्षणभर बाहेर राहिलं.
मग चंद्राच्या जागी
नुसती एक शेकलेली जागा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
कंदील दिसायला लागले.
देगूचा धाकटा म्हणाला, कसला तरी वास येतोय असं वाटतं.
मला येत होता,
खाडीकडून, रात्री वारा पडला की येतो तो.

सायोकोबाईंनी विचारलं, तुमच्या चंद्रात काय असतं?
ससाच. म्हणून तर त्याला शशांक म्हणतात.
मग तुमचा ससा काय करतो?

लहानपणापासून पाहत आले,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
काही नाही, म्हटलं. नुसता बसून असतो.
बरं आहे त्याचं, घुबड म्हणालं,
आणि मग बराच वेळ कुणीच काही टाइप केलं नाही.

काकू माझ्या पाठीशी, तिसरा गोळा खात.
गूळ विसरलीस, म्हणाल्या.
चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याशी अगदी जवळ आल्या,
नारिंगीवर बोट टेकवलं, पिठाचा ठसा उमटला:
हे आपल्या रबाळ्यावरचं ना गो?