आचाऱ्यांची सभा

चकाल्याच्या सातव्या मजल्यावर
मी यंत्राला मराठी वाचायला शिकवते.
पगार त्याचाच मिळतो.

परवा एक हँडबिल आलं,
पिवळं, एकाच अंगाने छापलेलं,
ठाकुरद्वारच्या कुठल्याशा खानावळीच्या माळ्यावरचं.
यंत्राने वाचलं:
आचार्यांची जंगी सभा.
शनिवारी रात्री, चुली विझल्यावर.
येताना आपापला झारा आणावा.
खात्री: सत्त्याण्णव टक्के.

उपरणी सावरत, झारे घेऊन निघालेले विद्वान
मला क्षणभर दिसले. हसले मी.
मग दोन हजार पानांत 'आचारी' शोधलं.
एकही नाही.
सगळ्यांना परस्पर
पदव्या देऊन टाकल्या होत्या.

एक पापणी हुकली होती फक्त.
र ची ती आडवी, मिटलेली पापणी.
यंत्राने उचलून रफार केला, डोक्यावर ठेवला.
त्याचा तरी काय दोष,
ज्या फॉन्टवर वाढलं त्यातच ती नव्हती.
फॉन्ट परगावी काढलेला.
पानाच्या माथ्यावर 'भाषा मराठी' असं बजावलं
तरच त्याचा ल आपल्यासारखा वळतो,
नाहीतर खांबाला टेकून उभा.

चारकोपला मुणगेकरांकडे गेले.
बेचाळीस वर्षं जुळारी,
आता दोन्ही डोळे काचबिंदूने नेलेले.
हँडबिल हातात दिलं
तर त्यांनी ते पालथं घातलं.
"काका, उलटं धरलंत."
"आम्हाला अक्षरं पाठमोरीच भेटायची, पोरी."
छापाच्या दाबाने मागे उठलेल्या उंचवट्यांवरून
बोट उजवीकडून डावीकडे निघालं.
आ. चा.
थांबलं.
"हा खिळा आमच्याकडे तीनच नग.
चौथा लागला की मालक म्हणायचे,
मजकूर बदलून आणा."

मागची बाजू स्कॅन करायला
कुणी सांगितलंच नव्हतं.
मी तशी नोंद टाकली: पाठीमागून वाचता यावं.
मेल्विनने दुपारपर्यंत बंद केली. व्याप्तीबाहेर.

पापणी मात्र काढली.
सहा बिंदू, दोन वळणं, अकरा रात्री.
आधी मिशी दिसायची, मग विळा,
मग एकदा नुसतीच पापणी.
फाइल किंचित जाड झाली,
त्यावरूनही बोलणी खाल्ली.

रविवारी फोन घेऊन परत चारकोप.
पान उघडलं,
आधी नुसते रिकामे चौकोन,
मग अक्षरं आली.
"आलं का?"
"आलं."
"कुठेय?"
त्यांचं बोट धरून
बरोबर पापणीवर टेकवलं.

बोट थोडं घासलं त्यांनी, सवयीने,
आणि काचेखालचं पान
सर्रकन वर निघून गेलं.

"निसटला," ते म्हणाले,
आणि दुसऱ्या हाताने
चाचपू लागले चिमटा.