सहा फूट भिंत

आमच्या गॅलरीच्या जागी पूर्वी बँक होती.
तिजोरीचं दार अजून आहे, ते मिटत नाही.
आत आम्ही रिकाम्या चौकटी ठेवतो आणि चहाची किटली.

मार्चच्या बैठकीला ओडेट कोमो आली,
चिखलाचे बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर.
एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली
फंडीच्या खाडीच्या काठाकाठानं.
दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात
स्टिअरिंगला टेकवून रंगवायची, वहीएवढं,
कारण जागाच वहीएवढी.

टेबलावर तिची बारा चित्रं, भोवती आम्ही आठ जण.
ग्लेनिस पक्ष्यांचं पीस न् पीस रंगवते.
तिनं चष्मा वर केला, खाली केला,
“हे पुरं झालंय का गं?” विचारलं, जमेल तितक्या मायेनं.
ओडेट म्हणाली, “नाही. पाणी निघून गेलं.”

आमचं पाणी आहेच तसं.
सकाळी धक्क्याला डोलणाऱ्या होड्या
दुपारी तांबड्या गाळात कलंडतात
लग्नाघरच्या झिंगलेल्या पाहुण्यांसारख्या.
रेघ मारायला बसावं, तर किनाराच सरकतो.

चार हात वर. तीन टेबलावर.
माझा खिशात.
तिला सहा फूट भिंत द्यायची
म्हणजे माझ्या बरण्यांची फळी जाणार होती.

तेवढ्यात लिअँडर तिबोदो आला, हीटर बघायला.
जन्मभर शेवंडं धरली, आता गुडघे धरलेत.
वाकून त्यानं एक चित्र पाहिलं:
फराटे, ठिपके, राखाडीत अडकलेलं थोडं गुलाबी.
नाक मुरडलं. मागे सरकला. आणखी मागे,
पाठ तिजोरीला लागेपर्यंत.

“हा तो मंगळवार,” तो म्हणाला.
“वारा वायव्येचा.
त्या दिवशी होडी काढायलाच नको होती.”

आम्ही कुणी काही विचारलं नाही.
तो खाली बसून स्क्रू पिळत राहिला, बराच वेळ,
हीटर लागल्यानंतरही.

माझा हात बाहेर आला, नखांत माती तशीच.

आता दर गुरुवारी काउंटरवर ओडेट असते.
माझ्या बरण्या खिडकीत गेल्या.
तिथे संध्याकाळी त्यांच्या सावल्या जांभळ्या पडतात.
चाळीस वर्षं मी त्यांना काळ्या समजत होतो.

आणि कुणी चित्राला नाक लावून उभं राहिलं
की तिच्या तोंडून बसमधलाच आवाज निघतो,
“मागे सरका, मागे सरका,
मागे खूप जागा आहे.”