प्रश्न पाचवा, गुण दहा

मे महिना. गंगापूर रोडचं कॉलेज,
तपासणीचा हॉल, पंखा नावाला.
गठ्ठ्यातली एकोणचाळिसावी उत्तरपत्रिका.
प्रश्न पाचवा : सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपात
चेटकिणींवर खटले का चालले, ते विशद करा.

इथवर सगळ्यांनी गाईड उतरवलेलं :
साथी, धर्मयुद्धं, थंडीने गेलेली पिकं,
एकट्या बायका.
माझा हात आपोआप
सहा, साडेसहा, सहा.

इथेही तीन ओळी गाईडच्याच,
आणि मग परिच्छेदही न बदलता :

“पाण्यात टाकायचे. तरंगली तर चेटकीण.
आमच्याकडं सुरगाण्यात बाईला टाकत नाहीत.
ताटलीत पाणी घेतात,
एकेका बाईचं नाव घेऊन तांदळाचा एकेक दाणा.
बुधीबायचा दाणा तरंगला.
पोकळ होता, किडका.
मी बॅटरी धरून बसले होते, मला दिसलं.
कारणे :
सरपंचाच्या दोन म्हशी मेल्या.
बुधीबायला मूल नव्हतं आणि आंब्याची नऊ झाडं होती.
ती रात्री एकटी हसायची.
परिणाम :”

परिणामाखाली काही नाही.
अर्धं पान कोरं, पेन टेकवल्याचा एक ठिपका.
पुढच्या पानावर औद्योगिक क्रांती, सुवाच्य, मुद्देसूद.

नाव स्टिकरखाली. ते उचकटायचं नसतं.
शेजारचे वाघचौरे सर म्हणाले, विषयांतर आहे,
तीन द्या आणि चहा घ्या.

बावीस वर्षं शिकवते आहे मी हा धडा.
एकदा फळ्यावर चित्र काढलं होतं,
उजव्या हाताचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेला.
वर्ग हसला. मीही.
ती कुठल्या बाकावर होती?
तेव्हा होती का?

परतताना रामकुंडावरून आले, उगाच.
पोरं दोरीला लोहचुंबक बांधून
तळातली नाणी ओढत होती.
वर द्रोण, झेंडूच्या पाकळ्या, विझलेल्या वाती,
जे जे हलकं ते ते.

घरी भाताचे तांदूळ धुतले.
चार दाणे वर आले.
रोज पाण्याबरोबर ओतून देते,
कधी मोजले नव्हते.
कुकरची शिट्टी रिकामी पडली आहे ओट्यावर
आणि लेक आतून विचारते आहे,
आई, अजून किती वेळ?

गुणांची चौकट मी कोरी ठेवून आले आहे.
उद्या दहाच्या आत
काहीतरी लिहावं लागेल.