चौथा मोजा

गावाचं नाव सूर,
आणि माझा मात्र लागत नाही,
हे ऋजुता आल्यागेल्याला सांगते.
खरंय. म्हणून मी गात नाही, वाचतो.

आठ जाड पानांचं पुठ्ठ्याचं पुस्तक,
मावशीनं सावंतवाडीहून आणलेलं.
विमानतळावर सामान दीड किलो जास्त भरलं
तेव्हा आमसुलं निघाली, हे राहिलं.
कोपरे शर्वनं दात येताना चघळलेत,
तिथं पुठ्ठा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगलाय.

एकच दिवा. एसीची घरघर.
खाडीपलीकडे दीपगृह आपलं काम करतंय,
रात्रीचे नऊ, बाहेर छत्तीस अंश,
आणि आत

    म्हशीनं विणले चार मोजे,
    तीन तिचे अन् चौथा तुझे.

"तुझा," ऋजुता स्वयंपाकघरातून.
"मोजा एकच आहे ना? मग चौथा तुझा."
ती शाळेत गणित शिकवते,
पण चुकलेलं काहीही तिला दुरून ऐकू येतं.
मैथिली उठून बसते.
"तुझा म्हटलं तर मोजे एकटे पडतील ना, आई!"
स्वयंपाकघरात भांडं जरा वेळ थांबतं.

शर्वला व्याकरण नाही, यमक नाही,
त्याला फक्त म्हैस.
तो तिच्या नाकावर बोट दाबतो
आणि मी भोंगा वाजवायचा.
का, ते माहीत नाही. एकदा वाजवला होता,
तेव्हापासून कायदाच झालाय.

    माशीला आली मोठ्ठी शिंक,
    हत्ती म्हणाला, लांब जाऊन शिंक!

इथे दोघं शिंकतात,
खोटंखोटं, मग खरंखुरं,
मग मी पुसायला काहीतरी शोधतो.

शेवटचं पान अर्धंच आहे.
उरलेलं बहुधा शर्वच्या पोटात.

    वांग्यानं केला दुधीवर हल्ला,

आणि पुढे नुसता कुरतडलेला पुठ्ठा.
काय होतं तिथं, मावशीलाही आठवत नाही.
मी सुचवून पाहतो: सल्ला. गल्ला. मोहल्ला.
मैथिली ऐकून घेते, जरा कीव करत,
मग बालवाडीतून आणलेलं काढते:
"भोपळा म्हणाला, यल्ला यल्ला!"
पुस्तक पूर्ण. त्या रात्रीपुरतं.
उद्या तेच चालत नाही.

महिन्यातले दहा दिवस माझी रात्रपाळी,
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात.
पडद्यावर दाब, खारटपणा, हिरवे आकडे.
नवाला फोन येतो, मी पाठ म्हणतो,
म्हैस, माशी, सगळं,
भोंगासुद्धा, तोंडावर हात धरून.
शेजारच्या खुर्चीत सुलेमान बिन हमद,
निवृत्तीला दोन वर्षं, आजोबा गलबतं बांधायचे,
दोन वर्षं ऐकतोय, कधी काही बोलला नाही.

परवा तीन नंबरच्या पंपाचा दाब पडला,
आणि झडप फिरवता फिरवता
तो पुटपुटला, "दुदीवर हल्ला, दुदीवर हल्ला."
मी वळून पाहिलं.
"अर्थ काय याचा?" त्यानं विचारलं.
मोडक्या अरबीत सांगितलं, उरलेलं हातवाऱ्यांनी.
वांगं. दुधीला मारतं.
"का?"
"पुस्तकात नाही."
त्यानं बराच वेळ विचार केला,
दाब हळूहळू वर आला.
"दुधीनं काहीतरी केलं असणार," तो म्हणाला.

मध्यरात्री डब्यासाठी पिशवीत हात घातला.
पोळ्या, लिंबाचं लोणचं,
आणि तळाशी एक मोजा,
पिवळा, बोटभर, टाचेला भोक.
सुलेमाननं भुवई उचलली.

"चौथा," मी म्हणालो.
"माझे."