तासिका तत्त्वावर

सकाळी सात वीसचा तास. खोली क्रमांक चौदा.
डिसेंबरात नाशिकला खडूसुद्धा गार लागतो बोटांना.
प्रथम वर्ष, व्यवसायाची मूलतत्त्वे, व्याख्या पहिली:
नफ्याच्या हेतूने सातत्याने केलेली आर्थिक क्रिया.
'सातत्याने'खाली मी रेघ मारते,
दर जूनला नव्याने अर्ज भरणारी मी.

तिसऱ्या बाकावर समाधान खैरनार झोपलाय.
अंबडला रात्रपाळी. सहाला सुटतो,
बसमधून थेट इथे, कंपनीचा शर्ट अंगातच.
हजेरी लावते त्याची, उठवत नाही.
उत्पादनाच्या घटकांत 'श्रम' आलं
की आवाज जरा खाली घेते.

खर्च समजावायला मिसळ बरी पडते.
गाळ्याचं भाडं स्थिर, गिऱ्हाईक येवो न येवो.
मटकी, पाव, शेव, कांदा बदलते,
जितक्या प्लेटा तितके.
"आणि तर्री, मॅडम?" मागून कुणीतरी.
तर्री फुकट, म्हणून तीच सगळ्यात महाग,
मी म्हणते, आणि वर्ग हसतो.
ते हसू ओसरतंय तोवर
पहिल्या बाकावरून ओवी पिंगळे, वहीतून मान वर न काढता:
"तुम्हाला तासावर पैसे मिळतात ना?
मग तुम्ही पण बदलता खर्च?"

पंखा बंद होता, नाहीतर त्याचा आवाज तरी असता.
"बरोबर," म्हटलं. "लिहून घे."

(कॉलेज माझ्या वहीत ऋणको आहे,
ऑगस्टपासूनचं येणं.
बुडीत कर्जासाठी तरतूद कशी करावी
हे मी वर्गात शिकवते.
घरी नाही करत.)

ख्यातीला पुस्तकात अडीच ओळी आहेत.
त्या संपल्या तेव्हा जाहेदा कल्हईवाले उभी राहिली.
"अब्बांनी भद्रकालीतलं दुकान सोडलं.
नव्या माणसानं भात्याचे पैसे दिले, उरलेल्या कथलाचे दिले,
बाहेरच्या पाटीचेसुद्धा.
पण बायका पातेली घेऊन अजून आमच्या घरीच येतात.
त्याचे कुणी दिले नाहीत.
ते कुठल्या बाजूला लिहायचं?"

अमूर्त मालमत्ता, मी सांगते. सूत्र सोपं आहे,
सरासरी नफा गुणिले खरेदीची वर्षं.
"नफा कुठाय लिहिलेला?
अब्बा तर भिंतीवर कोळशानं लिहायचे."

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलमध्ये भिंत आणली.
चुना मारायच्या आदल्या संध्याकाळी काढलेला फोटो,
कोपऱ्यात नवसागराची पुडी, अर्धी बादली.
पासष्ट पोरं त्या हातभर काचेवर वाकली.
उभ्या रेघा, पाचव्याला आडवी. तेवढं कळलं.
मध्ये मध्ये गोल होते.
"गोल म्हणजे उधारी,"
समाधान म्हणाला. कधी उठला होता कुणास ठाऊक.
"आमचा कँटीनवाला पण तसंच करतो."
ओवीनं फळ्यावर रकाने आखले, महिना, रेघा, गोल,
आणि खडू मोडला तेव्हा माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

मग एके ठिकाणी चंद्र निघाला,
बारीक, तिरका, खाली एकही रेघ नाही.
"ते ईदचं," जाहेदा म्हणाली.
"त्या आठवड्यात शेवयांच्या भांड्यांना अब्बा पैसे घेत नसत."
मागच्या बाकावरून लगेच:
"मॅडम, चंद्र नफ्यात धरायचा
की जाहिरात खर्चात?"

घंटा झाली. पुढचा तास इंग्रजीचा,
सर दारात चाळवाचाळव करत उभे.
फळा पुसू दिला नाही कुणी.

महिनाअखेरी बिलाचा फॉर्म भरला.
शिकवलेला घटक: ख्याती.
तासिका: एक.
खरं तर दोन झाल्या,
आणि चंद्राचं अजून ठरलेलं नाही.