पान एकशे त्रेचाळीस

शिरगुप्पे मॅडमनी पुस्तकावर फुंकर मारली,
मग माझ्याकडे बघितलं.
"इंग्रजी आहे बरं का, काका."
शेवटचा शिक्का सत्याऐंशीचा.

एकतीस वर्षं मार्केट यार्डात
गुळाच्या सौद्याची वही लिहिली मी.
आता दुपारी रंकाळ्यावर एक बाक धरतो,
पिशवीत डिक्शनरी,
आणि लंडनला जातो.

युद्धाची कादंबरी म्हणे.
मी तोफांची वाट बघत राहिलो.
सत्तर पानं झाली तरी
एक बाई खिडकीला काळा कागद लावतेय,
कोपरा सुटतोय, पुन्हा लावतेय.
बॉम्ब पडतो तो दोन गल्ल्या सोडून,
हिच्या कपाटात फक्त चमचे वाजतात.
साखर तर मोजूनच.
पाहुणा आला की स्वतःच्या कपात
रिकामाच चमचा ढवळते, आवाजापुरता.

इथं मी पुस्तक मिटून
थोडा वेळ पाण्याकडे बघितलं.
आमच्या आक्कानं असंच केलेलं मी पाहिलंय,
बहात्तर साली.

मग नवऱ्याचं पत्र येतं, इटलीहून.
पाऊस, चिखल, फुगलेली नदी,
आणि मध्येच
पलीकडे हिंदी शिपाई आहेत,
परवा त्यांनी चहा पाजला, भयंकर गोड.
संपलं.
पुढच्या ओळीत लोकरीचे मोजे मागितलेत.

तीनशे पानांत आम्ही एवढेच.

माझा चुलत आजा दौलू
टाकळीहून पलटणीत गेला, इटलीतच राहिला.
नदीचं नाव घरात कुणाला धड म्हणता आलं नाही.
त्याचं एक कार्ड होतं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं:
सर्व खुशाल. गूळ पाठवणे.
पणजीनं ढेप फोडली, धडप्यात बांधली,
वरून मेणकापड शिवलं.
पोचली का, हे कळायच्या आत तार आली.

तो तोच चहा, असं मी म्हणत नाही.
सरकारी साखरही असेल.
कादंबरी रचलेली असते, एवढं कळतं मला.
पण वही लिहिणाऱ्याचा हात वाईट,
जमेला नोंद दिसली
की नावेच्या बाजूला बोट जातंच.

त्या ओळीशेजारी पेन्सिलची बारीक रेघ आहे.
माझी नव्हे.

बाई ते पत्र तीनदा वाचते.
मोज्यांपाशी रडते.
चहावरून तिचे डोळे सरळ निघून जातात.
तिला तरी काय बोलायचं?
भयंकर गोड म्हणे,
आणि ही महिनाभर
रिकामा चमचा फिरवतेय.

शेवट अजून वाचलेला नाही.
मुदत काल संपली,
दंड भरला, पुस्तक फिरवून घेतलं.
मॅडम म्हणाल्या, "संपेना होय?"
म्हटलं, नदीला पाणी आहे.
उतरू दे.